खुणेच्या चिंध्या

एका कब्रस्तानाचा जीव मी घेतला होता, आणि त्याबद्दल आमच्या कॉलेजला ढाल मिळाली होती. ढाल पुढे कुठे गेली ठाऊक नाही. लाकडी होती, बहुतेक तिला वाळवी लागली असेल. माझ्या मूर्खपणाला मात्र वाळवीसुद्धा तोंड लावत नाही. पन्नास वर्षं होत आली तरी शाबूत आहे. म्हटलं, नातवंडांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी आपणच लिहून टाकावं.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि नागपुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे लेक्चरर नव्हे, हे आज कबूल करते. त्या काळी कुणी विचारलं तर ‘कॉलेजात शिकवते’ एवढंच सांगून विषय बदलत असे. चष्म्याचा नंबर पाव आणि फ्रेम वीतभर, खांद्याला शबनम, आणि चेहऱ्यावर असा भाव की झाडांनीसुद्धा उठून नमस्कार करावा. मला झाडं फार आवडतात अशी माझी समजूत होती. खरं पाहता मला आवडायची ती वाळवलेली, दाबलेली, कागदावर चिकटवलेली झाडं, ज्यांच्याखाली मीच वळणदार अक्षरात नाव लिहिलेलं असे. जिवंत झाड एकदम समोर आलं की मला ते ओळखायला वेळ लागायचा. ते हलतं ना!

भरीस भर म्हणजे मी सुधारक होते. सासर लकडगंजात, दिवसभर लाकूड कापायच्या आरा-मशीनच्या घरघरीत. सासूबाई मूळच्या खेड्यातल्या. त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली की मी ती सोडायची आणि चिरून भाजीत घालायची. जेवताना त्या एवढंच म्हणत, “आज भाजीले दाराची चव आहे वं.” मला वाटायचं, मी जिंकले.

त्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधे मुलींचं श्रमदान शिबिर करायचं ठरलं आणि जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. रोज सायकलवरून जाता-येता मला एक भिंत लागत असे. भिंतीआड इंग्रजांच्या वेळचं जुनं ख्रिस्ती कब्रस्तान. पुढच्या भागात साहेब लोकांचे उंच चौथरे, दगडी क्रूस, एक पंख तुटलेली परी. मागे चिंचेखाली गावातल्या गरीब ख्रिस्ती घरांची माणसं, आणि अगदी कोपऱ्यात लहान लेकरं. भिंतीवरून मला काय दिसायचं? छातीइतकं गवत. परीच्या खांद्यातून निघालेला पिंपळ. थडग्याथडग्यांतून वर आलेली सीताफळं. काळे-करडे डाग पडलेले दगड. मी मनात म्हणायची, अरेरे, किती ही उपेक्षा! परदेशात म्हणे कब्रस्तानं बागेसारखी असतात. परदेश मी कॅलेंडरवर पाहिला होता.

परवानगी सहज मिळाली. फुकट साफसफाईला कोण नाही म्हणतो?

तिथे एक म्हातारा रखवालदार राहत असे. त्याच्या आधी त्याचा बापही तिथेच होता. आम्ही चाळीस मुली, विळे, कुदळी, तारेचे ब्रश, धुण्याचा सोडा असा सगळा फौजफाटा घेऊन फाटकातून आत शिरलो, तेव्हा तो सीताफळाखाली विळ्याला धार लावत बसला होता. आम्हाला पाहून त्यानं विळा खाली ठेवला.

“बाई, अजून बी नाही पडलं.”

“कसलं बी?”

“गवताचं. मुनिया पाखरायचं खाणं हाये ते. अन् आत्ताच कापलं तं लाव्यायचे पिल्लं उघडे पडतीन. दोन नोव्हेंबर तोंडावर आला का मी बरोबर कापतो न. वाटा तेवढ्या कापतो, अन् बाकीचं मंग बी पडल्यावर.”

मी हसले. ते हसू मला आजही आठवतं आणि आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. “बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही आता आराम करा. आम्ही सगळं शास्त्रशुद्ध करतो.”

शास्त्रशुद्ध म्हणजे कसं, ते सांगते. पहिल्या दिवशी मागचा कोपरा सोडून सगळं गवत जमिनीसरसं कापलं. त्यातून घुर्रकन उडालेल्या लाव्यांना पाहून मुली किंचाळल्या, आणि कुणा कर्नलसाहेबाच्या चौथऱ्याखालून एक घोरपड निघाली तेव्हा मीही किंचाळले, पण इंग्रजीत. ती घोरपड भिंतीवर चढली, एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडे उतरून गेली. दुसऱ्या दिवशी दगड घासले. दगडांवरचे ते काळे-करडे डाग म्हणजे दगडफूल. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधारानं कशी राहतात, त्याला सहजीवन कसं म्हणतात, हे मी दर जुलैत प्रॅक्टिकलला तासभर समजावून सांगायची. आणि इथे शंभर वर्षांचं ते सहजीवन मी सोडा घालून तारेच्या ब्रशनं खरवडून काढलं. संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं, तर सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. “फेकलं? मसाल्याले तरी आणाचं होतं!” त्या घरात वनस्पतिशास्त्राचा उपयोग माहीत असलेली बाई एकच होती, आणि ती मी नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही कोपऱ्यात पोचलो, जिथे लेकरं होती. तिथे दगड नव्हते, क्रूस नव्हते. होत्या फक्त जमिनीतून वर आलेल्या वाळक्या काड्या, कुठे एक, कुठे चार, आणि प्रत्येकीला चिंधी बांधलेली. लाल, निळी, फुलाफुलांची. एका काडीला तर बांगडीचा तुकडासुद्धा होता.

माझ्यातली सुधारक ताडकन उभी राहिली. चिंध्या! कब्रस्तानात! मुलींना गोल उभं केलं, एक काडी चिंधीसकट उपटून हातात धरली आणि अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. विज्ञानयुग आलं, माणूस चंद्रावर जाऊन आला आणि इथे अजून करणी, उतारे आणि जादूटोणा! मुलींनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजचा फोटोग्राफर होता, त्यानं काडी धरलेला माझा फोटो काढला.

म्हातारा लगबगीनं आला. “बाई, ते राहू द्या, ते खुणेचे...”

“बाबा, असल्या गोष्टींना तुम्हीच इथे थारा दिलात!” मी म्हटलं.

‘खुणेचे’ याच्या पुढचा शब्द मी त्याला बोलू दिला नाही. तो ऐकायला मला पुढे दहा दिवस लागले.

काड्या उपटल्या, ढीग करून जाळल्या. कुदळीनं जमीन सारखी केली, वर गाडीभर मुरूम आणि खत पसरलं, आणि मधोमध निलगिरीची रोपं एका ओळीत लावली. त्या काळी निलगिरी म्हणजे प्रगती. समारोपाला पाहुणे आले, पाहुण्यांनी एका रोपाला झारीनं पाणी घातलं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते रोप पाहुण्यांच्या भाषणाआधीच मान टाकून बसलं. आम्हाला ढाल मिळाली. तिथे त्या संध्याकाळी एकही पाखरू बोलत नव्हतं. मला वाटलं, काय शांतता!

दोन नोव्हेंबर हा त्यांचा मृतांचा दिवस. थडग्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. मी मुद्दाम गेले. खोटं कशाला बोलू, कौतुक ऐकायला गेले होते. पुढच्या भागात बरीच घरं आली होती, दगड लख्ख होते, एकदोघांनी “छान केलं” असं म्हटलंही. मी फुगत फुगत कोपऱ्यापर्यंत गेले.

तिथे पाचसहा माणसं मुरमावर नुसती फिरत होती. खाली पाहत. घरात काही हरवलं की फिरतात तशी. त्यांत एक म्हातारी होती. एका दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेली, हे नंतर कळलं. पांढरं लुगडं, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात काडेपेटी. मला म्हणाली, “बाई, तू इथलीच आहे का वं? माह्या लेकराची चिंधी दिसून नाही राहिली. निळी आहे. कळलावीच्या काडीले बांधली राहते.”

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “मला माहीत नाही हो मावशी. मी पाहुणी आहे.”

अशी मी. चंद्रावरच्या माणसाचे दाखले देणारी.

रखवालदार मागे येऊन उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, “मावशे, यायलेच विचार. यायनंच काढल्या.”

मग ‘खुणेचे’ याच्या पुढचं सगळं मी उभ्या उभ्या ऐकलं. गरीब घरांना लेकरासाठी दगड परवडत नसे. लाकडी क्रूस लावला तर दोन वर्षांत वाळवी खाई. म्हणून रखवालदाराच्या बापानं रीत घातली होती: लेकराच्या उशाशी एक कंद लावायचा. कुणी हळद, कुणी गुलबक्षी, कुणी निशिगंध. या म्हातारीनं रानातून आणलेली कळलावी. कंद जमिनीत राहतो, दर पावसाळ्यात आपोआप वर येतो आणि सांगतो, मी इथे आहे. अडचण एकच, दोन नोव्हेंबरपर्यंत पानं वाळून जातात. म्हणून दसऱ्याच्या सुमारास रखवालदार प्रत्येक वाळक्या काडीला ज्याची त्याची चिंधी बांधून ठेवी. बहुतेक त्या लेकरांच्याच झबल्याची. म्हातारीचं लेकरू तीन महिन्यांचं होऊन गेलं होतं, निळं झबलं घालून.

“बाबा, पण तुम्हाला जागा आठवत असेलच ना?” मी विचारलं. माझा आवाज आता डेमॉन्स्ट्रेटरचासुद्धा राहिला नव्हता.

“आठवते न. हात-दोन हात इकडंतिकडं सांगतो मी,” तो म्हणाला. “पण हात-दोन हातांत दुसऱ्याचं लेकरू येते न बाई.”

म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. तिनं मेणबत्ती पदरानं पुसली, पिशवीत ठेवली. “जागाच नाही तं लावू कुठं?” असं मेणबत्तीलाच विचारल्यासारखं म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या ऐकून घेतात, मग हळूच नेम धरतात. म्हणाल्या, “कंद म्हणतेस न? मंग वरची काडी उपटून कंद मरते का वं? कांदे-लसूण काय पानाच्या भरवशावर राहतात?”

भूमिगत खोड! मी त्याच्या सुबक आकृत्या काढायची, रंगीत पेन्सिलींनी! धावत रखवालदाराकडे गेले. तो म्हणाला, “तुमच्या पोरींच्या कुदळीतून वाचले असतीन तं येतीन. मिरगाले या.”

मिरग यायला सात महिने होते. मी दर रविवारी जाऊ लागले, शबनम घरी ठेवून. म्हातारा मला शिकवत होता असं म्हणणं बरोबर नाही. तो आपलं काम करी आणि मी मधेमधे करी. पण त्या सात महिन्यांत कळलं की मी नेमकं काय काय हाकलून दिलं होतं. मुनियांचा थवा डिसेंबरात येऊन भिंतीवर बसला, उघड्या जमिनीकडे पाहिलं आणि निघून गेला. सापसुरळ्या दगडांच्या भेगांत अंग चोरून होत्या. मुंगसाची जोडी, जी म्हणे रोज दुपारी चिंचेखालून कुणा मेमसाहेबाच्या थडग्यापर्यंत फिरायला जायची, ती दिसेना. एप्रिलमध्ये टिटवीनं मात्र माझ्या मुरमावर चार अंडी घातली आणि मी जवळ गेले की डोक्यावर येऊन कलकलाट करी. “तुमच्या कामाले पसंत करणारी एकच भेटली,” म्हातारा म्हणाला, “अन् तेही तुमाले शिव्या देऊन राहिली.” कर्नलसाहेबाच्या चौथऱ्याखालचं बीळ रिकामंच होतं. निलगिरी शेजारच्या शेळ्यांनी खाल्ली. शेळ्यांचे मी आजवर आभार मानलेले नाहीत, ते इथे मानते.

मिरग आला, पाऊस झाला, आणि जमिनीतून हिरवा गालिचा वर आला. मी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. गाजरगवत. तोवर ते त्या भिंतीच्या आत कधी उगवलं नव्हतं. जुन्या गवतानं त्याला पायच ठेवू दिला नव्हता. आता जमीन मोकळी होती, आणि माझ्या त्या गाडीभर मुरूम-खतात ते बियांसकट बसून आलं होतं, पाहुण्यांसारखं.

ते उपटल्याशिवाय खालचे कोंब दिसणार नव्हते, आणि विळा लावला तर कोंबही कापले जाणार. म्हणजे हातानं. जून-जुलैचे सगळे रविवार मी उकिडवी बसून एकेक रोप ओळखून उपटत होते. वनस्पती ओळखायला मी खरी शिकले ती तिथे, सहा बोटांच्या उंचीची असताना. त्या गाजरगवतानं हातांना असं पुरळ उठलं की कोपरापर्यंत लाल. सासूबाई खोबरेल लावताना विचारत, “कितवा धडा चालू आहे वं?” पण त्या दर रविवारी डबा मात्र दोन माणसांचा देत, एक माझा, एक रखवालदाराचा.

हळद आली. गुलबक्षी आली, नको तितकी आली. निशिगंध आला. प्रत्येक कोंबाभोवती म्हातारा विटांचे तुकडे मांडी आणि कुणाचं लेकरू ते मला सांगे. मी वहीत लिहून घेई. घरोघर निरोप गेले. एक कळलावी तेवढी येईना. जुलै अर्धा सरला. मला स्वप्नात निळी चिंधी दिसायची.

मग एका रविवारी ती आली. पानाच्या टोकाला ती नाजूक वळलेली शेंडी, जी आधार शोधत हवेत हात फिरवते. मी ओरडले. म्हातारा आला, पाहिलं, हसला. मग चार पावलं पुढे गेला आणि त्याचं हसू थांबलं. तिथेही एक कळलावी होती.

कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा असतो, दोन फाट्यांचा. दोन्ही फाट्यांच्या टोकांतून कोंब येऊ शकतो. आमच्या कुदळीनं तो मधोमध तोडला होता, आणि जमीन सारखी करताना एक तुकडा फरफटत चार पावलांवर गेला होता. कुठला जागेवर राहिला आणि कुठला फरफटला, ते त्या दोन कोंबांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. म्हाताऱ्याच्या ‘हात-दोन हातां’च्या आठवणीच्या बरोबर दोन बाजूंना दोघं उभे.

आता खरं सांगते, कारण या वयात लाजायला वेळ नाही. माझ्या मनात आलं की एक उपटून टाकावं. म्हातारीला एकच दाखवावं. तिचं समाधान होईल, माझी सुटका होईल. माझा हात पुढे गेलाही असेल, कारण म्हातारा म्हणाला, “उपटा न. उपटाचा सराव हाये तुमाले.”

मी हात मागे घेतला.

ऑगस्टमध्ये दोन्ही वेलींवर फुलं आली, पिवळी आणि लाल, उलट्या पाकळ्यांची. चुलीतल्या जाळासारखी दिसतात. तोवर कोपऱ्यात गवतही थोडं उभं राहिलं होतं, आणि त्यात दोन मुनिया होत्या. फक्त दोनच. मी म्हातारीच्या घरी जाऊन तिला रिक्षात घालून आणलं. वाटेत मी नुसती बडबड करत होते; कंद, फाटे, कुदळ, क्षमा, सगळं एकात एक. कोपऱ्यात तिला उभं केलं, दोन्ही वेली दाखवल्या आणि म्हटलं, “मावशी, यांतली एक तुमची. कुठली ते मला सांगता येत नाही. माझ्यामुळे आता कधीच कुणाला सांगता येणार नाही.”

ती एका वेलीजवळ गेली, खाली वाकून पाहिलं. मग चार पावलं चालून दुसरीजवळ गेली, तिथेही तितकाच वेळ वाकली. चिंचेवर काहीतरी चिवचिवत होतं. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या चष्म्याकडे, कोपरापर्यंतच्या पुरळाकडे.

आणि म्हणाली, “एक माह्या लेकराची जागा, अन् एक तुह्या अकलेची. दोघींवर लावतो न मी मेणबत्ती. मागच्या सालची जळलीच नाही, घरी तशीच पडली आहे.”